उकळीतलं लिंबू

मावशीने नारळाची खवणी स्वयंपाकघराच्या दारातच मांडली, तिच्यावर बैठक मारली, आणि बाहेर जायची वाटच संपली. मागे खिडकी होती, पण तिला गज, आणि गजांपलीकडे कालवा. तोयने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा मावशीच्या रुंद पाठीकडे, आणि मुकाट्याने आल्यासारख्या कुलिंजनाच्या चकत्या करायला घेतल्या.

पंधरा वर्षांची तोय मुकाट बसणाऱ्यातली मुळीच नव्हती. याच वर्षी वादविवाद स्पर्धेत तिने वरच्या वर्गाला पाणी पाजलं होतं आणि तेव्हापासून तिचा आवाज घरात मावत नव्हता. पण आज जेवायला मुआयताई येणार होती. रात्चबुरीच्या बाजारात तिची खाणावळ. तोयच्या हातचं तोम खा, म्हणजे नारळाच्या दुधातलं आंबट सार, तिला आवडलं की शाळा सुटली. राहायचं खाणावळीच्या माडीवर आणि ढवळायचे हंडे. आई गेल्यावर लमदुआन मावशीनेच तोयला वाढवलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. गणवेशसुद्धा सकाळीच इस्त्री होऊन शेजारच्या फाक नावाच्या मुलीकडे गेला होता.

नारळाचं दूध मंद आचेवर तापलं. त्यात कुलिंजन पडलं, ठेचलेला गवती चहा, चुरगळलेली लिंबाची पानं, मग कोंबडी, अळंबी, मिरच्या. सवयीने तोय गुणगुणायला लागली.

“चुलीपाशी गाऊ नकोस, म्हातारा नवरा मिळेल,” मावशी न वळता म्हणाली.

“खाणावळीत दुसरा कुठला मिळणार? तिथे तर कवळी काढूनच जेवायला बसतात.”

मावशीची पाठ हसून हलली. त्यानेच तोयचा जीव जास्त कोंडला. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

अंगणात स्कूटर थांबली. मावशी हात पुसत नमस्काराला धावली. दार मोकळं झालं, पण त्यातून बाहेर म्हणजे थेट मुआयताईच्या पुढ्यात.

पाटावर लिंबं चिरून ठेवली होती. लिंबू पिळायचं ते आच बंद करून, अगदी शेवटी, नाहीतर कडू होतं. कालव्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. तोयने आच मोठी केली, दूध खदखदू दिलं, सगळी लिंबं त्यात पिळली. वर सालीही टाकल्या.

मुआयताईने एक चमचा तोंडात घातला आणि थांबली. मावशीने चव घेतली आणि तोयकडे पाहिलंच नाही.

“उकळीत पिळलंस, सालींसकट,” मुआयताई म्हणाली. ती रागावली नव्हती, तेच वाईट होतं. “मीही सासूपुढे असंच केलं होतं. ज्याला येतं त्यालाच इतकं नेमकं बिघडवता येतं. लमदुआन, हीच पोरगी हवी मला. सोमवारी पाठव.”

तोयला वाटलं, वरून झाकण पडलं. आता चांगलं करूनही सुटका नाही, वाईट करूनही नाही. मग वादविवादातला तो आवाज आपोआप घशात आला. तिने अदबीने हात जोडले.

“येते, ताई. पण रोज असंच पिळीन. तुमच्या गिऱ्हाइकांच्या वाडग्यात.”

मुआयताईने चमचा खाली ठेवला, असली जीभ हंड्यापाशी नको एवढं मावशीला सांगितलं आणि हेल्मेट उचललं.

स्कूटरचा आवाज विरला. मावशीने वाडगं पुढे ओढलं आणि ते कडू तोम खा जेवू लागली, कुलिंजनाचे तुकडे नेहमीसारखे काठावर लावत. तिने ओरडावं म्हणून तोय वाट बघत उभी. दार उघडं होतं, पण ती गेली नाही.

“बस. तूच केलंयस, तूच खा.”

तोय बसली. पहिल्या घासाला जीभ आखडली, डोळ्यांत पाणी आलं. दोघींनी सगळं संपवलं.

मावशीने भांडी गोळा केली. “फाककडून गणवेश आण,” ती म्हणाली. “तिला तो लांबच होतो.”

खवणी अजून दारातच होती. तोयने ती ओलांडली.