माळावरच्या भट्टीची राखण

कासुर्डीच्या ग्रामसभेत मच्छिंद्रआप्पा पुढच्या ओळीत बसले होते, ते लेकीचं कौतुक ऐकायला. राजनंदिनी कंपनीची इंजिनीअर होऊन आली होती, गावच्या माळावर छोटी अणुभट्टी बसवायला गावाची संमती मागत होती. तिचं पहिलंच काम. आज हात वर झाले नाहीत, तर पोरीचं तोंड एवढंसं होणार, हे आप्पांना पक्कं ठाऊक.

"उसाच्या ट्रेलरवर मावतील असे तिचे भाग," ती सांगत होती. "धूर नाही, कोळसा नाही. विहिरीवरची मोटार रात्रीऐवजी भरदिवसा चालेल."

दिवसा वीज! शेवंतीच्या वाफ्यात वारं शिरावं तशी सभेत खुसखुस झाली. तेवढ्यात आप्पांची बहीण झुंबरबाई मागून गुणगुणली,

"इवली गं चूल बाई, सूर्व्या तिच्या पोटात,
सांग कुनी घालू तेल राखनीच्या डोळ्यात?"

बाया पदरात हसल्या. शेजारच्या मळ्यातला संपत उठला. "आत्याचं खरं हाय. आपल्या इजेच्या डीपीतलं तांबं चोरीला गेलं, मंग हिच्यातलं काय ऱ्हातंय?"

"कुंपण, कॅमेरे, बंदूकवाले पहारेकरी असतील, संपतदादा. मला चोरांपेक्षा आप्पांची भीती वाटते."

सभा चमकली.

"चोरीनंतर डीपीच्या पेटीला नवं कुलूप लागलं. फ्यूज उडाला, तर आप्पांनी ते दगडानं फोडलं आन् फ्यूजच्या जागी जाड तार बांधली! भट्टीत असला घरचा कारभार चालायचा नाही."

हशा उसळला. आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अगं, वायरमन चार दिस आला न्हाई! फुलं माना टाकाय लागली व्हती!" बोलता बोलता ते थबकले. "मंग मला सांग, तुझ्या भट्टीवर कुनी चालून आलं, तर भायेरनं मदत किती येळात पोचंल?"

राजनंदिनीनं कागद उलटला. पुन्हा उलटला. तिच्याशेजारी बसलेले कंपनीचे साहेब खाकरले.

"ते अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली.

"मंग ठरवून, लिहून आण. तवर माझा हात मांडीवर."

आप्पांचा हात खाली, म्हणून गावाचाही खाली. विषय पुढच्या सभेवर गेला.

बाहेर लिंबाखाली तिनं बापाला गाठलं. "माझ्या पहिल्याच सभेत, आप्पा?"

"दुसऱ्याची लेक असती, तर आकडा ठोकून दिला असता तिनं," आप्पा म्हणाले, आणि तिच्या हातातली जड बॅग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली.