भरवायचे दिवस

श्यामरावांची सारी नोकरी जवाहरनगरच्या कारखान्यात गेली. राहायला क्वार्टर होतं, पण शकुनबाई तिथं कधी राहायला गेल्या नाहीत. एकोडीला सासू होती, धानाच्या बांद्या, म्हणजे भाताची खाचरं होती. सोडून जाणं जमलं नाही. श्यामराव रविवारी गावी यायचे, सोमवारी पहाटे परत निघायचे. असंच वय सरलं, सासूही गेली. रिटायर होऊन ते कायमचे घरी आले, आणि त्याच पावसाळ्यात शकुनबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांच्या मुलानं, भूपेंद्रनं, साकोलीच्या एका संस्थेतून घरी येणारी मदतनीस लावून दिली. थोड्याच दिवसांची सोय होती. बाई आपलं आपण करू लागली की मदत बंद. राखी नावाची ती पोरगी रोज सकाळी स्कूटीवर यायची.

श्यामरावांना वाटलं, ही आंघोळ घालेल, भरवेल. पण पहिल्याच दिवशी राखीनं चमच्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळलं आणि तो शकुनबाईंच्या उजव्या हातात दिला. घास तोंडापर्यंत पोचेना. वरणभात लुगड्यावर सांडला. श्यामराव धावले.

"काकाजी, हात मागं घ्या," राखी म्हणाली.

"अवं, उपाशी राहीन ना ते!"

"नाही राहात. वेळ लागीन, पण जेवतीन. तुमी करून द्याल तं हा हात कायले उठीन?"

श्यामराव ओसरीवर जाऊन बसले. आतून चमचा पडल्याचा आवाज आला की ते उठून उभे राहायचे. राखी मात्र घाई करायची नाही. शकुनबाईंना काय करावंसं वाटतं, हे तिनं आधी विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "बांदीपर्यंत जाऊन धान पाहाचा हाय मले." मग राखी रोज त्यांना उठवायची, काठी द्यायची, आधी दारापर्यंत, मग अंगणात, मग बोरिंगच्या हातपंपापर्यंत. पदर घेणं, केस विंचरणं, कप धरणं, सगळं त्यांच्याच हातून.

दुपारी राखी गेली की घर दोघांचं व्हायचं. श्यामराव दार लोटून घ्यायचे, भात कालवायचे आणि बायकोला भरवायचे. तिला भात मऊ लागतो, लोणच्याची फोड शेवटी लागते, गरम घासाला ती डोळे मिटते, हे त्यांना आत्ता कळत होतं. लग्नाला एवढी वर्षं होऊन आत्ता! तिचं तोंड पुसताना त्यांना वाटे, हे दिवस लवकर सरू नयेत. आणि असं वाटल्याची लाजही वाटे.

पाय सुधारले. हात मात्र तिथंच अडला. राखीला उलगडा होईना. एका दुपारी ती वाटेवरून परत फिरली आणि सरळ आत आली. श्यामराव घास भरवत होते. राखीला पाहून शकुनबाई दचकल्या आणि खांद्यावरून घसरलेला पदर त्यांनी उजव्या हातानं झटकन वर ओढला.

राखी रागावली नाही. जवळच बसली. "कवापासून जमते, काकू?"

शकुनबाईंनी मान खाली घातली. "झाले बरेच दिवस."

"मंग मले काहून नाही सांगतलं?" श्यामरावांनी विचारलं. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"सांगतलं असतं, तं तुमी उठून ओसरीवर गेले असते जी. पेपर घेऊन." त्या म्हणाल्या. "पहिले सासूले वाढावं, मंग गड्याईले वाढावं, आन् आपण चुलीजवळ एकटं जेवावं. रविवारी तुमी यायचे, तं तुमाले वाढण्यातच दिवस जाये. माह्या समोर बसून माह्या तोंडाकडे कोणी पाह्यलंच नाही कधी. आता तुमी पाहून राहिले होते."

श्यामरावांनी घास ताटात ठेवला. "क्वार्टरात मी बी एकटाच जेवो," ते म्हणाले.

राखीनं चमचा शकुनबाईंपुढे सरकवला. "काकाजी, दुसरं ताट वाढून घ्या. उठू नका, बसून राहा."

त्या दिवशी दोघं समोरासमोर जेवले. शकुनबाई हळूहळू, सांडत, पण आपल्या हातानं. श्यामरावांचा हात दोनदा पुढे गेला आणि परत आला.

मुदत संपली. शेवटच्या सकाळी राखीनं निरोप घेतला. शकुनबाईंनी तिला कुंकू लावलं, त्याच हातानं. स्कूटीचा आवाज वळणाआड गेला तरी दोघं दारातच होते.

मग शकुनबाईंनी काठी उचलली. "चला, बांदीवर जाऊ."

पोचायला बराच वेळ लागला. धान कापून झालं होतं. ओल्या मातीत नुसते खुंट उरले होते. आयुष्यात पहिल्यांदाच कापणी त्यांच्यावाचून झाली होती. धुऱ्याच्या बांधावर बसून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. श्यामराव शेजारी टेकले.

"दरवर्षी या टायमाले मी इथं राहो," त्या म्हणाल्या. "तुमी काय करत राहा तवा?"

"ड्युटी करो. दुसरं काय."

"असं नका सांगू. पुरं सांगा. सकाळी उठून चहा कोण करून दे, तिथून सांगा."

कुठून सुरुवात करावी श्यामरावांना समजेना. मग ते सांगू लागले, आणि शकुनबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत ऐकत राहिल्या.