चारची भूक

गुरम्माला खाणाऱ्या माणसांचा तिटकारा होता. माणसानं जेवावं, ताट धुवावं आणि विषय संपवावा, हे तिचं मत. ज्याचं तोंड चालतं त्याचे हात चालत नाहीत, असं ती मशीनवरच्या बायकांना ऐकवायची, आणि ऐकवताना जिच्या गालात काही असेल नेमकी तिच्याकडेच बघायची. अक्कलकोट रोडवरच्या शिवलिंगप्पांच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवले जात. गुरम्मा शेवटच्या टेबलाशी बसून शिवलेला प्रत्येक सदरा तपासायची, दोऱ्याची शेपटं कापायची, आणि वाकडी कॉलर दिसली की मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांत धरून सदरा परत पाठवायची. तिच्या हातून गेलेला सदरा दुकानदारानं कधी परत केला नव्हता. त्यामुळे तिच्या तोंडाला लगाम घालायची खुद्द शिवलिंगप्पांचीही छाती नव्हती.

दुपारी तिच्या फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची. एक भाकरी खाऊन ती पाणी प्यायची आणि मग इतरांच्या डब्यांचा पंचनामा सुरू. कुणाच्या डब्यात नूडल्सचा थंड गोळा, कुणाच्या डब्यात पांढरा भात आणि त्यावर लोणच्याचा ठिपका, कुणाकडे नुसतंच कुरकुऱ्यांचं पाकीट. असलं गिळायचं आणि चार वाजता भूक लागली म्हणून रडायचं. खायला काळ आणि भुईला भार, एवढं म्हणून ती फडक्याला गाठ मारायची.

आणि तरीही चार वाजता पंधरा मिनिटांसाठी फाटक उघडलं की सगळ्यात आधी बाहेर पडायची ती गुरम्माच. बाकीच्या बायका फाटकातच चहा घ्यायच्या. गुरम्मा त्या चहाला काळं पाणी म्हणायची आणि गोदामाच्या कोपऱ्यावरून वळून तडक मागच्या भज्यांच्या गाड्याकडे जायची. परत यायची तेव्हा तिच्या पदराला तळणाचा वास असायचा. बायका गालात हसत. तोंडानं उपास आणि पायाला भज्यांची वाट, असं तिच्यामागं म्हणत.

म्हणोत बापड्या. गुरम्मानं त्या गाड्यावरचं एक भजं कधी तोंडात घातलं नव्हतं. गाड्यामागच्या बाकड्यावर तिची लेक बसलेली असायची.

दानेश्वरीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं होतं. त्या दिवसापासून तिच्या बापानं, वीरभद्रप्पानं, घरात तिचं नाव घ्यायची बंदी केली होती. भेटलीस तर तूही त्याच वाटेनं जायचं, असं बायकोला बजावलं होतं. या मर्दानं आयुष्यात दुसरा कुठलाही निश्चय पुरा केला नव्हता, एवढा एक मात्र धरून बसला होता. बायकोचा मोबाइल तो रोज तपासायचा, सकाळी तिला कारखान्यात सोडायचा आणि संध्याकाळी स्कूटर घेऊन फाटकाशी हजर व्हायचा. दानेश्वरी जवळच्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. चारच्या सुमारास तिला थोडी उसंत मिळायची. मायलेकींच्या वाट्याला जगातली तेवढीच पंधरा मिनिटं होती.

त्यात त्या गळ्यात गळे घालून रडत नसत. दोघी मिळून जगाला नावं ठेवत. फडक्यातली दुसरी भाकरी लेकीसाठी असायची. ती भज्यांबरोबर कडाकडा मोडून खाता खाता दानेश्वरी डॉक्टरांची आणि पेशंटांची सालटी काढायची, आई मालकाची आणि मशीनवाल्यांची, आणि शेवटी दोघी मिळून वीरभद्रप्पाची. लेकीनं आईसारखं नाक मुरडलं की गुरम्माचं काळीज सुपाएवढं व्हायचं. पण हे कारखान्यात कुणाला कळून चालणार नव्हतं. शरणम्मा नावाची एक मशीनवाली तिच्याच गल्लीत राहायची, आणि शरणम्माला कळलेली गोष्ट संध्याकाळच्या आत वीरभद्रप्पाला कळली नसती, तर तोच चमत्कार झाला असता.

उन्हाळ्यात शाळांच्या मालाची घाई सुरू झाली आणि ओव्हरलॉक मशीनवरच्या दोन पोरी चक्कर येऊन पडल्या. शिवलिंगप्पांनी निवेदिता नावाची एक आहारतज्ज्ञ बोलावली. तिनं भिंतीवर चित्रं पाडून सांगितलं, की ज्वारी म्हणजे फायबर, शेंगदाणा म्हणजे प्रोटीन, आणि दोन्ही एकत्र खाल्लं की पोट लवकर रिकामं होत नाही. गुरम्मा मागं उभी राहून ऐकत होती. सोलापुरात येऊन ही बाई आम्हाला ज्वारीची ओळख करून देते, उद्या आमच्या आईशी ओळख करून देईल, असं तिला वाटलं. ते तिनं मनात ठेवलं नाही, शेजारच्या चौघींना ऐकू जाईल असं म्हटलं.

पण निवेदिता मेली हुशार होती. दुपारच्या जेवणाबरोबर कारखान्यातर्फे प्रत्येकीला वाटीभर मोडाची मटकी, ग्लासभर ताक आणि ज्वारीच्या लाह्या, तीळ, शेंगदाणे नि गूळ घालून वळलेला लिंबाएवढा लाडू मिळू लागला. लाडू झकास होता, हे गुरम्मानंही मनाशी कबूल केलं आणि त्याबद्दल त्या बाईचा आणखीनच राग केला. चक्कर थांबली. चार वाजता कुणाच्या पोटात कावळे ओरडेनात. नगावर मजुरी मिळते म्हणून काही जणी फाटक उघडलं तरी मशीनवरून उठेनाशा झाल्या. शिवलिंगप्पा हे बघत होते, आणि ते उगाच बघणाऱ्यांतले नव्हते.

एके दिवशी जेवण उरकल्यावर त्यांनी सगळ्यांना जमवलं. शेजारी निवेदिता उभी होती. आता चारला भूक लागते का, असं त्यांनी विचारलं, आणि वयाचा मान म्हणून आधी गुरम्माला विचारलं.

लागते, एवढंच म्हणायचं होतं. पण शरणम्मा फिदीफिदी हसली आणि म्हणाली, "अक्कांचं भज्याबिगर कुटं भागतंय?" सगळ्या बायका हसल्या. गुरम्माची तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ज्यांच्या भुकेची तिनं टिंगल केली, त्या तिला हसत होत्या.

"मला?" ती म्हणाली. "चारच्या टायमाला मला जल्मात कदी भूक लागली न्हाय. भूक लागती ती कामचुकारांला."

शिवलिंगप्पांनी मान डोलावली. गुरम्मासारखी बाईच असं म्हणते तर प्रश्नच मिटला. उद्यापासून चारची सुट्टी बंद, तेवढीच मिनिटं संध्याकाळी लवकर घरी जा. बायका खूश झाल्या. लवकर सुटायचं कुणाला नको असतं? गुरम्मा मात्र जागच्या जागी थिजली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लवकर सुटून ती लवकर स्कूटरवर बसणार होती, एवढाच तिचा फायदा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता फाटकाला कुलूप होतं. मागच्या जिन्यावर एक धुळकट खिडकी होती, तिच्यातून गाडा दिसायचा. दानेश्वरी बाकड्यावर बसली होती. तिनं दोनदा कोपऱ्याकडे बघितलं, एकदा उभी राहिली, पुन्हा बसली. मग भज्यांचा कागद तसाच ठेवून निघून गेली. गुरम्माला हाक मारता आली असती, पण खाली मशीनवर शरणम्मा होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी लेक पुन्हा आली आणि लवकर गेली. त्यानंतरच्या दिवशी ती बाकड्यावर बसलीच नाही, उभ्याउभ्या कोपऱ्याकडे बघून चालती झाली. आईनंही बापाचं ऐकलं, असंच पोरीला वाटणार. गुरम्माला फडक्यातल्या त्या दुसऱ्या भाकरीचं ओझं वाटायला लागलं. ती तशीच घरी नेली की वीरभद्रप्पा रात्री दुधात चुरून खायचा, वर मिटक्या मारायचा.

चौथ्या दिवशी लाडू वाटायला निवेदिता आली होती, शिवलिंगप्पाही होते. गुरम्मा रांग सोडून पुढं गेली.

"सावकार, मला चारला भूक लागती," ती म्हणाली.

शिवलिंगप्पा हसले आणि म्हणाले, दोन लाडू घ्या की. गुरम्मानं सगळ्यांसमोर दोन लाडू खाल्ले. भूक आहेच, असं म्हणाली. निवेदितानं काळजीनं तिसरा दिला. तो खाताना बायकांनी तोंडाला पदर लावले. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून नाक मुरडणारी बाई भर हॉलमध्ये गाल फुगवून चावत होती. लाजेनं तिचे कान तापले होते.

"मंग इतकी वर्सं आमाला का बोलत होता, अक्का?" शरणम्मानं विचारलं.

गुरम्मानं पाण्याच्या घोटाबरोबर तिसरा लाडू आणि तो प्रश्न दोन्ही गिळले. निवेदिता मालकांना समजावू लागली, की ही पोटाची भूक नाही, तळणाची चटक आहे, हळूहळू सुटेल. चटक हा शब्द गुरम्माला आजवर कुणी लावला नव्हता. ती तडक आपल्या टेबलाशी गेली, नापास ढिगातला एक सदरा उचलला, त्याची वाकडी कॉलर मालकांना दिसेल अशी धरली आणि सदरा पास झालेल्या गठ्ठ्यावर ठेवला. मग दुसरा ठेवला.

शिवलिंगप्पांचं हसू मावळलं. हे काय, असं त्यांनी विचारलं.

"भुकेनं डोळ्यांपुडं अंधारी येती," गुरम्मा म्हणाली. "वाकडं दिसत न्हाय मला."

त्यांनी गठ्ठ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. घाईच्या दिवसांत गुरम्माचे डोळे गेले तर किती माल परत येईल याचा अंदाज त्यांना होता. "जा बाई, खा तुझी भजी," ते वैतागून म्हणाले. "एवढी खादाड असशील असं वाटलं नव्हतं." चारला फाटक उघडेल, पण तिच्या एकटीसाठी, आणि संध्याकाळी ती सगळ्यांनंतर सुटेल. गुरम्मानं दोन्ही सदरे परत नापास ढिगात टाकले. खादाड हे नाव आता तिला ती रिटायर होईपर्यंत चिकटणार होतं, हे हॉलमधल्या प्रत्येकीच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

चार वाजता ती कोपऱ्यावरून वळली. बाकडं रिकामं होतं. मग गाड्याच्या पलीकडून दानेश्वरी आली, हातात कागद घेऊन. तिचा चेहरा थेट आईसारखा तुसडा झाला होता.

"आलीस?" ती म्हणाली. "मला वाटलं, तूबी अप्पाच्या पंगतीला बसलीस, अव्वा."

गुरम्मा बाकड्यावर टेकली. झालं ते सगळं सांगितलं असतं तर पोर रडली असती, आणि रडण्यात पंधरा मिनिटं गेली असती.

"भूक लागली म्हून आले," तिनं सांगितलं.

दानेश्वरी आईकडे बघतच राहिली. आईच्या तोंडून हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं गुपचूप कागद पुढं केला. लाडू गळ्यापर्यंत आले होते, तरी गुरम्मानं एक भजं उचललं आणि खाल्लं. त्या गाड्यावरचं तिचं हे पहिलंच भजं.

"आतून कच्चं हाय की," ती म्हणाली. "एवढी वर्सं ह्ये खात होतीस?"

दानेश्वरी हसली. तिनं फडक्यातली भाकरी काढून घेतली, मोडली, आणि डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नव्या रिसेप्शनिस्टचे वाभाडे काढायला सुरुवात केली. गुरम्मा नाक मुरडून ऐकत राहिली.

परत निघताना लेकीनं तिला रुमाल देऊ केला. गुरम्मानं तो घेतला नाही. तेलानं माखलेले ओठ तसेच ठेवून ती फाटकातून आत शिरली आणि मुद्दाम शरणम्माच्या मशीनसमोरून गेली.