टोपी नसलेला वाघ

ब्रेक सुरक्षित असल्याची गणिती सिद्धता पूर्ण झाली आणि चाचणीच्या गाडीचे चारही दरवाजे नाहीसे झाले. त्यांच्या जागी सलग पत्रा आला. त्याला रंगही नीट लागलेला होता. गाडीत माझी विद्यार्थिनी रेहाना शिकलगार एकटीच होती आणि चाकणच्या पलीकडच्या आमच्या ट्रॅकवर संथ फेऱ्या घेत होती.

वायरलेसवर ती म्हणाली, “सर, दरवाजे गेले. काचा आहेत अजून.”

“छान,” मी म्हणालो. “म्हणजे सिद्धता लागू पडली.”

मला आश्चर्य वाटले नाही. आमच्याकडे जे सिद्ध होते ते त्याच क्षणापासून खरे होते, आणि खरे राहण्यासाठी जग सर्वांत सोपा मार्ग धरते. याच गाडीचे दिवे अंधारात कधी विझणार नाहीत, हे आम्ही मागे सिद्ध केले होते. तेव्हापासून तिच्याभोवती अंधारच पडत नाही. ती उभी असते तिथे कायम दुपार असते. वॉचमन तिच्या टपावर पापड वाळवतात.

आजच्या गाडीत ब्रेकचे पॅडल ब्रेकला ओढत नाही, तारेवरून निरोप पाठवते. ब्रेकला निरोप ऐकू येतो, पण बोलणारा दिसत नाही. एखादा चोर त्या तारेवर येऊन पॅडलच्या आवाजात बोलला, तर ब्रेक त्याचेही ऐकतो. हे मी लहान मुलांना आंधळी कोशिंबीर खेळवून शिकवतो, त्यांना लगेच कळते. मोठ्यांना वेळ लागतो. चोर पकडणे हे माझे काम नाही. चोर असूच शकत नाही हे गणिताने दाखवणे, एवढेच माझे काम. त्यासाठी मी एक वाक्य लिहिले होते: गाडीत, किंवा गाडीशी जोडलेल्या कुठल्याही जागेत, परका कोणी नाही. परका म्हणजे कोण, तेही लिहिले होते. ट्रॅकवर प्रत्येकाला नाव छापलेली पांढरी टोपी घालावी लागते. गाडी टोपीवरून माणूस ओळखते. ज्याच्या डोक्यावर टोपी नाही तो परका.

रेहानाने गाडी आमच्या खोलीच्या काचेसमोर आणून उभी केली. ब्रेक उत्तम लागला. ट्रॅकप्रमुख पिंगळे माझ्या शेजारी चहा पीत बसले होते.

“सर, तुमच्या गाडीचा डबा झाला,” ते म्हणाले. “झाकण न उघडणारा.”

मी त्यांना शांतपणे समजावले, की दरवाजा म्हणजे परका आत येण्याची वाट. वाट नाही, तर परका नाही. जगाने सोपा मार्ग धरला, इतकेच. पिंगळ्यांनी विचारले की मग आपल्या माणसाने बाहेर कसे यायचे. त्याबद्दल माझ्या वाक्यात काही नव्हते. ते मी मान्य केले.

तेवढ्यात गाडीच्या काचा कडेने पांढऱ्या पडू लागल्या आणि पांढऱ्या झाल्या तिथे पत्रा धरू लागला. रेहानाने कळवले की हवा थोडी जड वाटते आहे, आणि संध्याकाळी तिला सांगलीची बस आहे. वायरलेसने गाडीशी जोडलेल्या आमच्या खोलीचे दारही अरुंद झाले होते. चहावाला तिरका होऊनच आत आला आणि तसाच परत गेला.

दर शनिवारी मी शाळेतल्या मुलांना गणित सांगतो. रेहाना मदतीला येते. एकदा मी फळ्यावर लिहिले होते, ‘या वर्गातला प्रत्येक वाघ टोपी घालतो.’ मुले हसली. खोटे आहे, म्हणाली. मी म्हणालो, मग टोपी नसलेला एक वाघ मला दाखवा. कोणालाच दाखवता येईना. तेव्हा ओवी नावाची मुलगी बाकाखाली शिरली, चार पायांवर फळ्यापर्यंत आली आणि म्हणाली, “मी वाघ आहे. माझी टोपी कुठाय?” मला वाक्य पुसावे लागले.

मी वायरलेस उचलला. “रेहाना, ओवी आठवते?”

तिने विचारले, “टोपी काढू?”

“काढ.”

पिंगळ्यांनी माझा हात धरला. त्यांच्या गायकवाड नावाच्या ड्रायव्हरची टोपी गाडीत बसल्याबसल्या वाऱ्याने उडाली होती. तो आता गेटपाशी बसतो. त्याची बायको रोज डबा घेऊन येते आणि गायकवाड कुठे भेटतील, असे त्यालाच विचारते.

रेहानालाही हे माहीत होते. “सर, बाहेर आल्यावर तुम्ही मला ओळखाल ना?”

“नक्की.”

“हे सिद्ध केलंय, की असंच म्हणताय?”

“तुला मी पाच वर्षं शिकवलंय,” मी म्हणालो. “काढ टोपी.”

खट्कन चारही दरवाजे परत आले. काचा स्वच्छ झाल्या. आमचे दारही पहिल्याइतके रुंद झाले. मी समाधानाने पिंगळ्यांकडे पाहिले. एक परकी व्यक्ती आत होती, म्हणून वाक्य पुसले गेले होते. हिशोब चोख होता.

ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडून एक मुलगी उतरली. निळा कुर्ता, टोपीने दबावेत तसे दबलेले केस. तिला मी कधी पाहिले नव्हते. तिच्यामागून रेहाना उतरेल म्हणून मी थांबलो. कोणी उतरले नाही.

मुलीने दरवाजा लावला आणि दरवाजा पत्र्यात मिटून गेला. ते बरोबरच होते. आत परके कोणी उरले नव्हते, त्यामुळे वाक्य पुन्हा खरे झाले होते.

“सर, आपलं दार,” पिंगळे म्हणाले.

दाराच्या जागी भिंत होती, रंग दिलेली. समोरची काच कडेने पांढरी पडू लागली होती. मुलगी काचेपाशी आली आणि काहीतरी बोलली. ओठांवरून ‘सर’ असे वाटले. मला पुष्कळ जण सर म्हणतात. पिंगळ्यांनी दोन्ही हातांनी आपली टोपी घट्ट धरून ठेवली होती. रेहानाची बस चुकणार, एवढेच माझ्या मनात येत होते.

मग ती मुलगी मागे सरकली आणि तापलेल्या डांबरावर हात टेकून खाली बसली. काचेच्या मधोमध ताटलीएवढी जागा उरली होती. तेवढ्यातून ती चार पायांवर माझ्याकडे येताना दिसली.

मी टोपी काढली.