मर्जीचा खाडा

कलम नऊवर येऊन घोडं पेंड खाऊ लागलं, तेव्हा सेक्रेटरीने तिसरा चहा मागवला. हा त्याचा जुना डाव होता. समोरच्याच्या हातात गरम कप असला की त्याला टेबलावर मूठ आपटता येत नाही, असं तो युनियनच्या नव्या प्रतिनिधींना शिकवायचा. सफाई कामगारांच्या युनियनचा तो सोळा वर्षं सेक्रेटरी होता. एवढ्या काळात चार करार झाले. चारही वेळा महापालिकेने आधी तोंडाला पानं पुसायचा प्रयत्न केला आणि चारही वेळा याने काही ना काही पदरात पाडून घेतलं. आता त्याला सगळे सेक्रेटरीच म्हणत. बायकोसुद्धा शेजारणीला सांगायची, "आमचे सेक्रेटरी अजून यायचेत."

सकाळी दहापासून बैठक चालली होती. पगारवाढ ठरली होती. बोनस तर मागितला त्याच्या जवळपास मिळाला होता, आणि युनियनचा अध्यक्ष, जो कचरागाडीचा ड्रायव्हर होता, त्याने मनातल्या मनात तो खर्चूनही टाकला असावा, कारण तासाभरापासून तो नुसता खिडकीबाहेर बघून हसत होता. राहिलं होतं ते पेन्शनचं. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागायची आणि त्यात फक्त कायम झाल्यानंतरची वर्षं धरायचे. रोजंदारीवर दहा-बारा वर्षं रस्ते झाडलेलं माणूस कायम व्हायचं म्हातारपणाच्या तोंडावर, आणि दहा वर्षं भरायच्या आत निवृत्त व्हायचं. ती रोजंदारीची वर्षंही धरा, ही मागणी दोन करारांपासून भिजत पडली होती.

समोर कामगार अधिकारी होत्या. बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता आणि त्या एकामागून एक खडीसाखरेचे खडे तोंडात टाकत होत्या. त्या म्हणाल्या, रोजंदारीची वर्षं धरू, पण नोकरी सलग हवी.

सेक्रेटरी याच वाक्याची वाट बघत होता. त्याने शांतपणे सांगितलं की सलग असेलच कशी? रोजंदारीवाल्याला कायमपणाचा हक्क सांगता येऊ नये म्हणून कार्यालयच त्याला दर एकोणनव्वद दिवसांनी एक दिवस घरी बसवायचं. खंड तुम्हीच पाडायचा आणि वर तुटली म्हणायचं, हे कुठलं शहाणपण?

"ते खंड माफ," अधिकारी म्हणाल्या.

सेक्रेटरीला क्षणभर खरंच वाटेना. इतक्या सहज काही मिळायची त्याला सवयच नव्हती. अध्यक्षाने टेबलाखालून त्याच्या मांडीवर थाप मारली.

"पण कामगार स्वतःच्या मर्जीने घरी राहिला असेल, तर ते आमचं पाप नाही," त्या पुढे म्हणाल्या. "तिथे नोकरी तुटली. त्याच्या आधीचं काही धरणार नाही. तशी माणसं फार नाहीत म्हणा. मी सगळी हजेरीपुस्तकं तपासून घेतली. एकाच हजेरी शेडमधल्या त्रेचाळीस बायका आहेत."

त्यांनी हजेरीपुस्तकाच्या पानाची प्रत पुढे सरकवली. सेक्रेटरीने चष्मा लावला. एका नावापुढे, दर तीन महिन्यांनी एकदा, शेरा होता: मर्जीने गैरहजर. 'म'च्या डोक्यावरची रेघ जरा लांब ओढलेली होती. ती तशी ओढायची सवय त्याला शाळेपासून होती आणि मास्तरांचा मार खाऊनही गेली नव्हती. पानावरचं नाव त्याच्या वहिनींचं होतं.

त्या शेडचा तो अकरा वर्षं हजेरी कारकून होता. थोरला भाऊ गेला आणि वहिनींनी झाडू हातात घेतला तो त्याच शेडमध्ये, रोजंदारीवर. खंडाच्या दिवशी बायकांना बिल्ला, झाडू, ढकलगाडी सगळं जमा करावं लागे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकाशी नव्याने रांगेत उभं राहावं लागे. रांगेतून कोणाला परत घ्यायचं ते मुकादम ठरवी. त्याची मर्जी नसली तर रस्ता बदले, कधी कधी कामही जाई. एकदा वहिनींची मुलगी तापाने फणफणली होती. त्या म्हणाल्या, "भाऊजी, उद्या मला रांगेत उभं राहायला जमायचं नाही हो. काहीतरी करा." त्याने विचार करून खंडाऐवजी मर्जीचा खाडा लिहिला. खाड्याला काही जमा करावं लागत नाही, दुसऱ्या दिवशी सरळ कामावर यायचं. वरच्यांनाही चाललं, कारण त्यांना दिवस तुटल्याशी मतलब. मग काय, आठवड्याभरात बाकीच्या बायका टेबलाभोवती जमल्या, आमचंही तसंच लिहा म्हणून. त्याने लिहिलं. अकरा वर्षं लिहिलं. इतर कुठल्याच शेडच्या कारकुनाला हे सुचलं नव्हतं, आणि याचा त्याला तेव्हा भलता अभिमान होता.

"काय म्हणता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

म्हणायचं एवढंच होतं की हे अक्षर माझं आहे आणि हा शेरा खोटा आहे. त्या बायका मर्जीने राहिल्या नाहीत, तुम्हीच त्यांना घरी बसवलंत, मी फक्त दुसऱ्या नावाने लिहिलं. चार वाक्यं. पण हजेरीपुस्तकात खोटी नोंद म्हणजे चौकशी, आणि चौकशी चालू असलेल्या माणसाची पेन्शन अडकून पडते, कधी कधी कायमची. हे त्याला कोणी सांगायला नको होतं. अशा चौकशांत अडकलेल्यांची वकिली त्यानेच केली होती. त्याच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

"त्या बायकांचं बघायला हवं," तो म्हणाला.

"बघायचं तर सगळीच हजेरीपुस्तकं पुन्हा तपासावी लागतील," अधिकारी म्हणाल्या. "मग करार पुढच्या वर्षावर गेला असं समजा."

अध्यक्ष त्याच्या कानाशी वाकला. "त्रेचाळीस जणींपायी चार हजार माणसांना टांगून ठेवणार का, सेक्रेटरी?"

हे कारण चांगलं होतं, कोणालाही पटण्यासारखं होतं. पण सेक्रेटरीला पक्कं आठवतं, ते कारण मागून आलं. त्याच्या आधीच तो मूग गिळून बसला होता. त्याने सही केली.

वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो शाळेत जात होता, आणि त्यांच्यापेक्षा जेमतेम दोन-अडीच वर्षांनी लहान होता. तरी पहिल्या दिवसापासून त्या खरचटलेल्या गुडघ्यांच्या पोराला 'भाऊजी' आणि 'तुम्ही'. बाहेरून मार खाऊन आला तरी "भाऊजी, कोणी मारलं तुम्हाला?" असं विचारायच्या, आणि सगळे हसायचे. त्याने परीक्षा द्यावी म्हणून त्याच्या वाटची घरातली कामं त्यांनी तीन वर्षं केली. कारकुनाची नोकरी त्याला त्या परीक्षेवर मिळाली. आता त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. कारकुनाला महापालिका दोन वर्षं आधी घरी पाठवते, म्हणून दिरा-भावजयीच्या निवृत्त्या एका वर्षात आल्या होत्या. कायम होऊन वहिनींना सात वर्षं झाली होती. रोजंदारीची अकरा धरली असती तर अठरा भरली असती.

करारानंतर दोन दिवस तो शेडकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. रस्ते झाडून बायका परतल्या होत्या, नळावर हातपाय धूत होत्या. बोनसची बातमी पोचली होती. त्याला बघून एकीने "सेक्रेटरी आले, खुर्ची आणा" म्हणून गलका केला आणि दुसरीने खरोखरच खुर्ची आणली. तो बसला नाही. वहिनी ढकलगाडीचं चाक काढून त्याला तेल देत होत्या. तो त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

"वहिनी, ते कलम नऊ..."

"कळलं मला," वहिनी म्हणाल्या. "बोर्डावर लावलंय. लेकीने वाचून दाखवलं."

"ते खाडे मी लिहिलेत."

"मीच लिहायला लावले होते ना." त्यांनी चाक बसवून एकदा फिरवून पाहिलं. "तेव्हा कोणाला माहीत होतं, भाऊजी."

त्याने घरून ठरवून आणलेलं बोलून टाकलं. अजून आठ दिवस हरकती घेतात. मी लिहून देतो की शेरा खोटा आहे, खंड कार्यालयाचेच होते.

वहिनींनी पहिल्यांदाच मान वर केली. "मग तुमचं काय होईल?"

"चौकशी लागेल."

"आणि पेन्शन?"

"अडकेल. जाईलसुद्धा."

"मग नका देऊ," वहिनी म्हणाल्या. "माझी मिळेलच याचा काय नेम? एका घरातल्या दोन पेन्शनी बुडवायच्या का? जाऊबाईंनी काय पाहायचं मग?"

सेक्रेटरीचा जीव भांड्यात पडला. इतक्या चटकन पडला की त्याला स्वतःचीच शरम वाटली. वहिनी नको म्हणतील हे त्याला घरून निघतानाच ठाऊक होतं. आयुष्यभर वाटाघाटी केलेला माणूस होता तो, समोरचं माणूस काय बोलणार याचा अंदाज घेतल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. म्हणून तर तो वहिनींना विचारायला आला होता. नळावरच्या बाकीच्या बेचाळीस जणींपैकी एकीलाही त्याने विचारलं नाही.

मग त्याने भाव करायला सुरुवात केली, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. म्हणाला, माझी पेन्शन सुरू झाली की निम्मी दर महिन्याला तुमच्याकडे पोचवीन. वहिनी नाही म्हणाल्या. तो एक तृतीयांशावर आला. वहिनी हसल्या.

"भाऊजी, तुमच्याकडून घ्यायची लाज नाही मला. अडीअडचणीला मागेन की. पण ती माझ्या नावाने आली असती. कोणाला विचारावं लागलं नसतं." एवढं बोलून त्यांनी तेलाचा हात चिंधीला पुसला आणि त्याला विचारलं, चहा घेणार का?

त्याने चहा घेतला. निघताना बायकांनी बोनसबद्दल टाळ्या वाजवल्या.

आठ दिवस त्याने रोज हरकतीचा कागद लिहिला. तीन ओळींचा मजकूर, पण त्याच्यासारख्या माणसाला तो जमेना. कधी भाषा फार कडक व्हायची, कधी तारीख चुकायची. सातव्या दिवशी कागद बिनचूक झाला. आठव्या दिवशी तो कागद घेऊन महापालिकेत गेला, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला. वाटेत अध्यक्ष भेटला आणि बोनसच्या वाटपाचं काहीतरी विचारू लागला. त्याच्याशी बोलता बोलता पाच वाजून गेले. अध्यक्षाने त्याला अडवलं नव्हतं. त्यालाच बोलणं आवरतं घ्यायचं नव्हतं.

वहिनी दोन महिन्यांनी निवृत्त झाल्या. एक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर नाव बरोबर छापलेलं होतं. पुढे सहा महिन्यांनी सेक्रेटरी निवृत्त झाला. त्याचा निरोप समारंभ मोठा झाला. अधिकारीबाई स्वतः आल्या, म्हणाल्या, असा चिवट माणूस मी पाहिला नाही. लोक हसले. कलम नऊमुळे पेन्शन मिळालेली दोन-तीनशे माणसं पुढे येऊन त्याच्या पाया पडू पाहत होती आणि तो प्रत्येकाला हाताला धरून उठवत होता. बायको म्हणाली, "एवढं काय अवघडायचं त्यात?" तिला त्याने काही सांगितलं नव्हतं. वहिनींनीही सांगितलं नव्हतं.

पहिली पेन्शन जमा झाली त्या दिवशी तो पासबुक भरून घ्यायला बँकेत गेला. बँक उघडायला पाच-दहा मिनिटं होती आणि दाराशी त्याच्याच वयाच्या माणसांची रांग लागली होती; तो सगळ्यात पुढे होता. दार उघडलं. आत फरशी नुकतीच पुसलेली होती आणि दाराशी बादली घेऊन वहिनी उभ्या होत्या. अंगावर ठेकेदाराने दिलेला निळा कोट होता. त्यांना मोठा होत होता, बाह्या दोनदा दुमडल्या होत्या.

वहिनी कुठेतरी कामाला जातात एवढं त्याच्या कानावर होतं. कुठे, ते त्याने विचारलं नव्हतं.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर नेहमीचंच हसू होतं, लपवाछपवी काही नाही. "सावकाश हं. ओलं आहे."

तो उंबऱ्यावरच थांबला. त्याला म्हणायचं होतं, वाळू दे, मी उभा राहतो. पण मागची माणसं पुढे रेटू लागली होती, कोणीतरी म्हणालंसुद्धा, "अहो, चला की."

"जा तुम्ही," वहिनी म्हणाल्या आणि त्याला वाट मिळावी म्हणून त्यांनी बादली बाजूला घेतली. "मी पुसते परत."

सेक्रेटरी आत गेला. मागची रांग दाराजवळच्या पैसे काढायच्या खिडकीकडे वळली, पासबुकाची खिडकी पार आत होती. पासबुक खिडकीवर ठेवताना त्याने मागे वळून पाहिलं. दारापासून खिडकीपर्यंत त्याच्या चपलांचे ठसे उमटले होते, आणि वहिनी गुडघ्यांवर बसून एकेक ठसा पुसत त्याच्याकडे येत होत्या.