पॅटर्न माझ्या पोटात, किल्ली परक्याच्या हातात

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शिवणकामाच्या दुकानात, ताग्यांच्या शेजारी माझं टेबल आहे. माझ्या पंख्यात दोऱ्याचे तुकडे अडकलेत, कळफलकावरची अक्षरं पुसत चाललीत, आणि या दुकानातल्या दोघींनी मला अक्षरशः वात आणलाय.

वहिनी कापड बेततात. त्यांच्या नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, माझ्यावर पॅटर्न काढतात. पॅटर्न म्हणजे बाही, पाठ, कॉलर अशा एकेका भागाचा आराखडा. तो कागदावर छापायचा, कापडावर ठेवायचा आणि कातर चालवायची. मी नवा होतो तेव्हा काय माझे लाड! खाली रुमाल अंथरून मला बसवलं होतं. मग माझ्यात एक नामांकित अ‍ॅप घातलं. ते कायमचं विकत मिळत नाही बरं का, भाड्याने मिळतं. भाडं थकलं की दार बंद. पण काम चोख करायचं, ते नाकारणार नाही.

त्याच अ‍ॅपमध्ये गाण्याच्या बाईंच्या कोटाचा पॅटर्न झाला. बाई शाळेत गाणं शिकवतात. त्यांची पाठ एका अंगाला कललेली आहे, एक खांदा खाली. कुठलाही कोट घातला की खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. वहिनींनी टाचण्या लावायच्या, वन्संनी माझ्यावर रेघ सरकवायची, पुन्हा टाचण्या. बाई बिचाऱ्या आरशासमोर ताटकळत उभ्या. शेवटी एकदाचा कोट असा बसला, की बाई आरशात बघतच राहिल्या आणि मग खुदकन हसल्या. छापलेला कागद वापरून वापरून फाटला, तेव्हा वहिनींनी तो टाकून दिला. "संगणकात आहे की," म्हणाल्या. झालं! तेव्हापासून तो फक्त माझ्या पोटात.

पुढे वन्संना एक फुकटचं अ‍ॅप सापडलं. त्याची आतली रचना कुणालाही उघडून बघता येते, आणि ठिकठिकाणची माणसं मिळून ते सुधारत राहतात. झाली रोजची कटकट सुरू. वहिनी म्हणायच्या, "अडलं तर फोन कुणाला करायचा?" वन्सं म्हणायच्या, "आपल्याच कामासाठी आपण जन्मभर भाडं का भरायचं?" दोघींचंही खरं होतं, आणि दोघीही ऐकायला तयार नव्हत्या. एके दिवशी वन्संनी तावातावाने भाडं बंद करून टाकलं. अहो, आधी पॅटर्न बाहेर काढा, मग दार लावा! पण मला विचारतो कोण?

त्याच आठवड्यात बाई आल्या. त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली होती.

"माझा पॅटर्न मिळेल का हो?" त्यांनी हळूच विचारलं. "नव्या टेलरपुढे पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं, तो खांद्याकडे बघत बसणार... जिवावर येतं."

वन्संनी जुनं अ‍ॅप उघडलं. ते म्हणालं, भाडं भरा. नवं उघडलं. ते म्हणालं, ही फाइल मला ओळखता येत नाही. बाईंचा चेहरा पडला. आणि या दोघी? एकमेकींवर ढकलून झाल्यावर वन्संनी माझ्याच डोक्यावर चापट मारली. "हाच जुना झालाय!" मला असा संताप आला म्हणता! पॅटर्न माझ्या पोटात आणि मलाच तो उघडता येत नाही, यात माझा काय दोष?

शेवटी वहिनी म्हणाल्या, "वन्सं, एका महिन्याचं भरू. पण त्यांच्या टेलरकडे हे अ‍ॅप नसलं तर?"

वन्संनी खुर्ची माझ्यापुढे ओढली. मग म्हणाल्या, "तुमच्या अ‍ॅपमधून साध्या फाइलमध्ये काढते. ती माझ्या अ‍ॅपमध्येही उघडेल, आणि त्यांच्या टेलरकडेही."

फाइल निघाली, नव्या अ‍ॅपमध्ये उघडली, कागद छापला. वन्सं तो बाईंच्या हातात देणार, तेवढ्यात वहिनींनी टेप काढली. पॅटर्नच्या कोपऱ्यात मापाचा एक छोटा चौकोन असतो; तो ठरल्या मापाचा छापला गेला, तरच बाकीचा पॅटर्न बरोबर. तो मोजल्याशिवाय त्या कातरीला हात लावत नाहीत. चौकोन बोटभर लहान भरला. म्हणजे कोट बाहुलीचा झाला असता! वन्संनी मुकाट्याने माप दुरुस्त केलं. मग मात्र दोघींनी मिळून सगळ्यांचेच पॅटर्न बाहेर काढले. माझा पंखा धापा टाकत होता, पण एकीलाही त्याची धूळ झटकावीशी वाटली नाही.

परवा बाईंचा फोन आला. "कोट पहिल्याच खेपेला बसला," त्या सांगत होत्या. "त्या टेलरने माझ्या खांद्याकडे पाहिलंसुद्धा नाही." दोघी डोळे पुसत हसल्या, आणि फोन ठेवताक्षणी कुठलं अ‍ॅप ठेवायचं यावरून त्यांची पुन्हा जुंपली.

मित्रांनो, तुम्ही भाड्याचं घ्या नाहीतर फुकटचं घ्या, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण आत ठेवलेलं बाहेर कसं काढायचं, हे ठेवण्याआधी विचारा. त्या फाइलमध्ये नुसत्या रेघा नसतात. एखाद्या बाईला परक्या आरशासमोर पुन्हा उभं राहावं लागणार की नाही, तेही त्यातच असतं.

आणि जाता जाता माझा पंखा तेवढा पुसा.