गोल टोकाचा वस्तरा

“हात कुणाचा आहे?” दुकानदाराने विचारलं.

“सासऱ्यांचा.”

“तसं नव्हे हो ताई. सवयीचा, की नवशिका?”

मिसरूड फुटल्यापासून बाबा वस्तऱ्यानेच दाढी करत आलेले. कपड्यांच्या कारखान्यात उभा जन्म कापड बेतण्यात गेला. त्यांची कात्री फिरली की रेघ सूतभर हलायची नाही. पण हल्ली त्यांच्या हातातली कपबशी किणकिणते, हे तिला ऐकू येत होतं. नवऱ्याला येत नव्हतं, की त्याला ऐकायचं नव्हतं, कोण जाणे.

“सवयीचाच,” ती म्हणाली. आणि लगेच, “पण नवशिक्यांना देता ना, तसला दाखवा.”

दुकानदाराने छातीपर्यंत रुळणारी दाढी कुरवाळली.

“तुम्ही वस्तरे विकता आणि...” तिच्या तोंडून निघून गेलं.

“औषधवाला रोज औषध घेतो का?”

कडेवरचं बाळ पात्यांकडे झेपावलं. तिने त्याच्या इवल्या मुठी आपल्या मुठीत कोंबल्या. हे संकट तिनेच ओढवून घेतलं होतं. बाबांच्या हनुवटीवर पुळी आली आणि तिच्या डोळ्यांपुढे जंतू नाचू लागले. मग तिने बाळाच्या बाटल्यांबरोबर त्यांचा जुना वस्तराही खळखळ उकळला आणि बाटल्यांसारखाच जाळीवर निथळत ठेवला. सकाळी पात्यावर गंजाची नक्षी, मूठ वाकडी. बाबा रागावले असते तर परवडलं असतं. “त्याला काय दूध पाजणार होतीस?” म्हणून हसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी गालाला पाणी लावलं नाही. नवऱ्याने दाढीचं मशीन आणू का विचारलं, तर म्हणाले, “माझ्या गालावर काय गवत वाढलंय?”

म्हणून आता स्टेनलेस स्टीलचा घ्यायचा. घरातला पहिलाच. निदान गंजणार तरी नाही.

“हा घ्या. हलका आहे.”

“मग हाच द्या.”

“पण हलक्याला माणूस उगाच दाब देतो. जड पातं आपल्या वजनानेच चालतं.”

“मग जड द्या.”

“जड थकल्या हाताला पेलत नाही.”

“अहो, मग घ्यायचा कुठला?”

“तेच तर मघापासून विचारतोय. हात कसा आहे?”

तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू बाबा मागे उभे आहेत. “थरथरतो,” ती पुटपुटली. “त्यातल्या त्यात बोथट असेल तो द्या.”

“बोथट जास्त कापतो ताई. जोर लावावा लागतो ना.”

तिला रडूच यायला लागलं. धारदार न्यावा तर भीती, बोथट न्यावा तर भीती आणि काहीच न न्यावं तर बाबा वाढल्या दाढीने खिडकीशी बसलेले. शेवटी, निदान टोक तरी लागू नये म्हणून, तिने गोल टोकाचा, मध्यम वजनाचा उचलला. बरोबर की चूक, तिला ठाऊक नव्हतं.

घरी बाबांनी पातं उजेडात धरलं. “चकाकतंय बघ कसं! उलथनंच वाटतंय.” मग आडवा अंगठा हळूच फिरवला. “धार बरी आहे. गोल टोक का घेतलंस?”

“चौकोनी संपले होते,” ती खोटं बोलली.

“असं.” ते तिच्याकडे बघत राहिले. मग मोरीतल्या आरशासमोर जाऊन त्यांनी भरपूर फेस केला. बाळाला घट्ट धरून ती दारातच थांबली. आत जावं तर त्यांना कमीपणा वाटेल, निघून जावं तर पाय उचलेना.

वस्तरा कानशिलापर्यंत गेला. थांबला. खाली आला. पुन्हा वर गेला. गालावरचा फेस विरत चालला.

“सूनबाई, बाळाला खाली ठेव आणि जरा इकडे ये.”

आरसा धरायचा असेल, असं वाटून तिने आरशाला हात घातला.

“तो नको. हा धर.”

“मी? बाबा, मला नाही येत. कापलं म्हणजे?”

“पातं तिरकं ठेव. दाबू नकोस. कानापासून खाली.”

त्यांनी स्टूल ओढलं, बसले, पुन्हा फेस लावून डोळे मिटले. मग मान उंचावून, कापडाची सुरकुती काढावी तसा दोन बोटांनी आपला गाल ताणून धरला.